पासवर्ड टाकला, पण कडा उघडाच!

पन्हाळ्याचा तीन दरवाजा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. समोरून चाल करून यायची कुणाची छाती होऊ नये असं ते बांधकाम! तरीही १६७३ साली कोंडाजी फर्जंद अवघे साठ गडी घेऊन रात्रीच्या अंधारात कडा चढून गेले आणि आदिलशाहीकडून गड घेतला. दरवाजाशी झुंजत बसलेच नाहीत. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचंही नेमकं असंच आहे.

पन्हाळ्यावर कित्येक घरांत पर्यटकांना खोल्या देतात. अशा घरात पुढच्या खोलीतच एखादा जुना पीसी असतो. त्यात पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे स्कॅन, बाबांचे बँकेचे कागद, ताईच्या लग्नाचे फोटो. येणारा-जाणारा कुणीही खुर्चीवर बसू शकतो.

विंडोज ९८ वर पासवर्डची चौकट यायची खरी, पण एस्केप दाबलं की माणूस आत! ती चौकट पहाऱ्यासाठी नव्हतीच, प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळी राहावीत एवढ्यासाठी होती. २००१ च्या एक्सपीत खरा लॉगिन आला. कंट्रोल पॅनेलमधल्या युजर अकाउंट्समध्ये जाऊन पासवर्ड दिला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण एक्सपी होममध्ये चालू करताना एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये गेलं, की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाचं लपलेलं खातं दिसतं आणि त्याला बहुधा पासवर्डच नसतो. तेव्हा आधी तिथे जाऊन त्याला पासवर्ड द्या. तोही पंधरा अक्षरांपेक्षा कमी नको. कारण चौदा अक्षरांपर्यंतचा पासवर्ड एक्सपी सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करून, सगळी अक्षरं कॅपिटल धरूनही साठवतं. असे तुकडे फोडणं फारच सोपं. आपल्या बोलीतलं एखादं लांबलचक वाक्य रोमन अक्षरांत लिहा, म्हणजे लक्षातही राहील.

बायोसचा पासवर्ड त्याच्याही आधी अडवतो. पण बहुतेक जुन्या डेस्कटॉपमध्ये कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढली किंवा जम्पर बदलला, की तो पुसला जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पुरेसा आहे, स्क्रू-ड्रायव्हरवाल्याला नाही.

आणि कडा म्हणजे हार्ड डिस्क. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली, की लॉगिनचा प्रश्नच येत नाही, फायली समोर! यावर उपाय एकच, एन्क्रिप्शन. मशीन विंडोज ७ च्या काळातलं असेल तर त्यावर एखादं हलकं लिनक्स टाका आणि इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा (आधी बॅकअप घ्या, आणि हा पासवर्ड विसरलात तर डेटा गेलाच समजा). एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्या काळातल्या मशीनवरून कागदपत्रं हलवा आणि त्याचं इंटरनेट तोडा. रिसायकल बिन रिकामी केल्याने मात्र फायली जात नाहीत, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत परत काढता येतात.

पॉवर सप्लाय गेला म्हणून कॅबिनेट रिपेरीला द्यायचंय? मग हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. दोन वायरी आणि चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम आहे.