टेम्पररी टेबल: तात्पुरतं नक्की काय असतं?

टेम्पररी टेबल म्हणजे सेशन संपलं की आपोआप उडणारं टेबल, असं बहुतेक डेव्हलपर सांगतील. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वापरणाऱ्यांचा अनुभवही तोच. पण १९९२ च्या एसक्यूएल मानकात 'क्रिएट टेम्पररी टेबल'ने बनवलेलं टेबल उडत नाही, उडतो तो डेटा. टेबलाची रचना एकदाच स्कीमात नोंदवायची, ती कायम राहते. प्रत्येक सेशनला मात्र ते टेबल रिकामं मिळतं आणि त्यात भरलेल्या ओळी त्याच सेशनपुरत्या राहतात. ऑरेकल याच पद्धतीने चालतं.

सगळ्यात मोठा घोळ 'ग्लोबल' या शब्दाने होतो. ग्लोबल टेम्पररी टेबलमधला डेटा सगळ्यांना दिसतो, असं अनेकजण धरून चालतात. मानकात तसं मुळीच नाही. ग्लोबल म्हणजे एकाच सेशनमधल्या सगळ्या मॉड्यूलना तोच डेटा दिसणार, लोकल म्हणजे प्रत्येक मॉड्यूलचा डेटा वेगळा. दुसऱ्या सेशनला दोन्हींतलं काहीच दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन हॅश लावून केलेलं टेबल खरोखरच इतर सेशनना दिसतं, आणि माझ्या मते गैरसमज पसरायला हेच मोठं कारण आहे. पोस्टग्रेस तर ग्लोबल आणि लोकल हे दोन्ही शब्द नुसते स्वीकारतं, त्यांनी फरक काहीच पडत नाही.

आता कमिटचं बघा. ऑरेकलमध्ये साधं ग्लोबल टेम्पररी टेबल करा, पाचशे ओळी इन्सर्ट करा, कमिट करा आणि काउंट घ्या: उत्तर शून्य. हा बग नव्हे. वेगळं काही सांगितलं नसेल तर मानकानुसार 'ऑन कमिट डिलीट रोज' लागू होतं. पोस्टग्रेसने मात्र 'प्रिझर्व्ह रोज' धरलंय, त्यामुळे तिथे पाचशेच्या पाचशे ओळी जागेवर असतात. म्हणून ऑन कमिटचं कलम प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावंच. 'ऑन कमिट ड्रॉप' ही सोय पोस्टग्रेसची स्वतःची, मानकात ती नाही.

असं टेबल फक्त रॅममध्ये राहतं, हेही खरं नाही. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी प्रत्येक सेशनला मुळात ८ एमबी बफर असतो. डेटा त्यात मावला नाही तर डिस्कवर जातो.

ऑरेकलवरून पोस्टग्रेसवर येणाऱ्यांना हे फरक पहिल्याच दिवशी अडवतात. इन्स्टॉलेशनच्या वेळी एकदा केलेलं टेम्पररी टेबल नव्या सेशनला सापडत नाही आणि क्वेरी एरर देते. तिथे क्रिएट टेबलची आज्ञा प्रत्येक सेशनमध्ये नव्याने द्यावी लागते.