मासा केवढा आणि कोणता? गळाला लागलेल्या मोठ्या माशाचा अंदाज

पहिला पाऊस पडला की आपल्याकडे शेतात, ओहोळात वळगणीचे मासे चढतात, त्याची मजा नेरळकरांना आम्ही सांगायला नको. आजचा विषय मात्र वेगळा आहे. उल्हास नदीच्या एखाद्या डोहावर कुणाच्या तरी गळाला मोठा मासा लागतो. चार माणसं गोळा होतात आणि दोनच प्रश्न विचारले जातात. केवढा आहे? आणि कोणता आहे? दोन्हींची उत्तरं तिथल्या तिथे अंदाजानं दिली जातात. हे अंदाज कुठे फसतात, ते सुधारायचे कसे आणि सुधारून नदीचा काय फायदा, एवढं आज पाहू.

आधी आकार. पाण्यातला मासा आहे त्यापेक्षा वर आणि जवळ दिसतो, त्यामुळे मोठा वाटतो. वाहत्या पाण्यात तो प्रवाहाला अंग देतो, तेव्हा दोरीवर माशाचा जोर असतोच, शिवाय पाण्याचाही असतो. हाताला मात्र सगळं वजन माशाचंच वाटतं. मग फोटो. मासा दोन्ही हातांत धरून कॅमेऱ्याकडे पुढे केला की मासा वाढतो, माणूस लहान होतो. आणि सुटून गेलेला मासा तर दर वर्षी थोडा थोडा वाढतच असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण खरी गडबड हिशोबात आहे. आपण अंदाज करतो लांबीचा आणि बोलतो वजनाबद्दल. मासा लांबीला वाढतो तसा जाडीला आणि रुंदीलाही वाढतो. म्हणून लांबी दीडपट झाली तर वजन दीडपट होत नाही, तिपटीहून जास्त होतं. लांबीत दहा टक्के चूक केली की वजनात तेहतीस टक्के चूक होते. काठावर आपण मोजतो वीत आणि हात लावून. एकाची वीत आठ इंच, दुसऱ्याची नऊ. तीन-चार विती मोजेपर्यंत वजनाचा अंदाज कुठल्या कुठे जातो.

याला साधा उपाय आहे. इंग्रजी गळवाल्यांनी सॅमन आणि ट्राऊट माशांसाठी एक ठोकताळा फार पूर्वीपासून वापरला. लांबी इंचात, पोटाचा घेर इंचात. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि 800 ने भागायचं. उत्तर पौंडात येतं. आपल्या मापात सांगायचं तर सेंटिमीटर घ्या आणि साधारण 29,000 ने भागा, किलो मिळतील. उदाहरण घेऊ. मासा 80 सेंटिमीटर लांब, घेर 44. उत्तर येतं 5.3 किलो. आता त्याच अंगलटीचा 90 सेंटिमीटरचा मासा घ्या. घेर साडेएकोणपन्नास होईल आणि वजन साडेसात किलोच्या वर जाईल. चार बोटांचा फरक, पण वजनात सव्वादोन किलो! हा ठोकताळाच आहे, तराजू नाही. अंडी धरलेली मादी आणि उन्हाळ्यात खंगलेला मासा यांना तो सारखा लागू पडत नाही. पण नुसत्या नजरेपेक्षा कितीतरी बरा. शिंप्याची टेप खिशात ठेवली की झालं.

स्कॉटलंडच्या टे नदीत 1922 साली जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी 64 पौंडांचा, म्हणजे 29 किलोंचा सॅमन पकडला. आज शंभर वर्षं झाली तरी ब्रिटनमध्ये गळानं धरलेल्या सॅमनचा तोच विक्रम मानला जातो. त्याहून मोठे मासे 'पाहिलेले' आणि 'सुटलेले' पुष्कळ असतील. पण हा मासा काट्यावर चढला होता, म्हणून आकडा टिकला.

आता दुसरा प्रश्न, कोणता मासा? आपल्याकडे मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला मासा दिसला की कुणीतरी 'महाशीर!' म्हणतोच. पण नद्या-धरणांत आता बाहेरून आणून सोडलेले मासे भरपूर आहेत. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडचे. सायप्रिनस, ज्याला कॉमन कार्प म्हणतात, तो तर परदेशातला. रंगावर जाऊ नका, रंग पाण्याप्रमाणे बदलतो. ओठांवरही जाऊ नका. एकाच जातीच्या महाशीरात काहींचे ओठ जाड असतात, काहींचे पातळ.

मग पाहायचं काय? तीन गोष्टी. पहिली, मिशा. महाशीराला मिशांच्या दोन जोड्या असतात. कटल्याला मिशा नसतातच, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. दुसरी, खवले. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध टिंबांची एक रेघ जाते. तिच्यावरचे खवले मोजा. महाशीराचे पंचविसाच्या आसपास भरतात. रोहू, कटला, मृगळ यांचे चाळिसाच्या घरात जातात. तिसरी, पाठीवरचा पर. सायप्रिनसलाही मिशांच्या दोन जोड्या असतात, तिथेच लोक फसतात. पण त्याचा पाठीवरचा पर लांबलचक, जवळजवळ शेपटीकडे गेलेला असतो, आणि खवले पस्तिसाच्या पुढे असतात. महाशीराचा पर आखूड असतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तुम्ही म्हणाल, नाव चुकलं तर बिघडलं काय? मासा तोच. इथे एक खरी घडलेली गोष्ट ऐका, आणि तिची सुरुवात मराठी मुलखातूनच होते.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 साली प्रसिद्ध केली. पुण्याच्या मुळा-मुठेचे मासे त्यात आहेत. जातींची नावं त्याने इथल्याच लोकांच्या बोलण्यातून उचलली. एक 'खुद्री', एक 'मुसुल्ला'. खुद्री म्हणजे आपला दख्खनी महाशीर. पुढे दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात पाठीला उंचवटा असलेला प्रचंड महाशीर गळवाल्यांना मिळत होता. 1946 साली कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी धरलेला मासा 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा होता. या उंच पाठीच्या माशाला बरीच वर्षं 'मुसुल्ला' हेच नाव चिकटलं. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा कळलं की साइक्सचा मुसुल्ला महाशीर नव्हेच, तो वेगळ्याच गटातला मासा. म्हणजे जगातला एक सर्वांत मोठा महाशीर, आणि त्याला स्वतःचं नावच नाही!

दरम्यान सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याला, आपल्या घाटमाथ्यावर, टाटांच्या वळवण तलावाशी खुद्री महाशीराची पैदास सुरू झाली. काम मोलाचं होतं. पिल्लं अनेक राज्यांत गेली, कावेरीतही गेली. महाशीर तो महाशीर, असाच तेव्हाचा समज. खुद्री तिथे रुजला आणि मूळचा उंच पाठीचा मासा कमी कमी होत गेला. हे कळलं कशावरून? गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीकाठच्या गलिबोरे इथल्या छावणीत 1998 ते 2012 या काळात धरून सोडलेल्या सहा हजारांहून जास्त माशांच्या नोंदी होत्या. एकूण मासे वाढताना दिसले, पण त्यातला उंच पाठीचा नाहीसा होत चालला होता. 2018 साली त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. नाव मिळालं, तेव्हा मासा संपत आला होता.

म्हणून आम्ही म्हणतो, काठावरचा अंदाज ही नुसती गंमत नाही. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे आपली उल्हास उन्हाळ्यातही वाहते. अशा नदीत मोठा मासा जगू शकतो. पण तो होता का, किती होता, कमी झाला का, हे सांगणारी वही आपल्याकडे हवी. नाहीतर आजोबा म्हणणार 'माणसाएवढे मासे होते', नातू म्हणणार 'थापा मारतात', आणि हातभर मासा हाच मोठा मासा ठरणार. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं 1995 साली नेमकं हेच दाखवून दिलं: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीची नदीच मूळची नदी समजते.

*(व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न)*

प्रश्न: सर, मापं घेईपर्यंत मासा मरणार नाही का?

उत्तर: चांगला प्रश्न. मासा पाण्यातच ठेवा. हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका. काठीवर आधीच खुणा करून ठेवल्या तर लांबी पाण्यातच मिळते, घेराला एक दोरी पुरते. एक फोटो बाजूने, माशाशेजारी ती काठी ठेवून. मग प्रवाहाकडे तोंड करून धरा, दम खाल्ला की तो आपण होऊन जाईल.

प्रश्न: आमच्या वाडीतली मंडळी पोटासाठी मासे धरतात. त्यांनीही सोडायचे का?

उत्तर: खाण्यासाठी धरणाऱ्याला उपदेश करायला आम्ही आलेलो नाही. उलट नदीची सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडेच आहे. ब्लीचिंग पावडर टाकून डोहच्या डोह मारणारे वेगळे, त्यांना अडवायलाच हवं. वाडीतल्या माणसाला एवढंच सांगा, मासा चुलीवर जाण्याआधी लांबी, घेर, खवले आणि तारीख शाळेच्या वहीत लिहून ठेव. मुलं लिहितील, त्यांना गणितही येईल.