नितंबाच्या स्नायूंचे मर्दन (कंबरदुखीवरील उपचार)

नितंबाच्या स्नायूंचे मर्दन ही कंबरेच्या खालच्या भागातील वेदना कमी करण्यासाठी वापरली जाणारी मसाज-उपचाराची एक पद्धत आहे. दुखणे कंबरेत जाणवत असले, तरी त्याचे मूळ काही वेळा त्याखालच्या स्नायूंत असते, या निरीक्षणावर ती आधारलेली आहे.

शरीररचना

नितंबात ग्लुटियस मॅक्सिमस, मीडियस आणि मिनिमस हे तीन प्रमुख स्नायू एकावर एक असतात. मॅक्सिमस हा त्रिकास्थी, माकडहाड व कटिफलकाच्या मागील भागापासून निघतो आणि कंबरेवरील जाड स्नायुपटलाशीही जोडलेला असतो. त्यामुळे त्याचा ताण कंबरेपर्यंत पोहोचू शकतो. मीडियस चालताना एका पायावर भार आला असता श्रोणी तोलून धरतो. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांत हा स्नायू पुष्कळदा दुबळा व दाबल्यास दुखरा आढळतो; दुबळेपणा हे दुखण्याचे कारण की परिणाम, हे मात्र त्यावरून ठरत नाही. खोलवर असलेल्या पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून, सहसा, सायटिक चेता पायाकडे जाते.

संकल्पनेचा इतिहास

नितंबापासून सुरू होऊन पायात उतरणाऱ्या वेदनेचे वर्णन चरकसंहितेत 'गृध्रसी' या नावाने आले आहे. आधुनिक काळात जेनेट ट्रॅव्हेल व डेव्हिड सायमन्स या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनी 'ट्रिगर पॉइंट' म्हणजे दूरवर वेदना पाठवणाऱ्या स्नायूंतील गाठींची कल्पना मांडली. त्यांच्या ग्रंथाचा शरीराच्या खालच्या भागावरील खंड १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या वैद्य होत्या आणि केनेडींची पाठदुखी प्रसिद्धच आहे. ही कल्पना आजही वादग्रस्त आहे, कारण एकाच रुग्णाला तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांचे गाठीच्या जागेबाबत अनेकदा एकमत होत नाही.

पद्धत

रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवतात. मीडियससाठी कुशीवर वळवतात. अंग झाकलेले ठेवून, रुग्णाची संमती घेऊन, आधी तळहाताने त्रिकास्थीपासून बाहेरच्या दिशेने हलके मर्दन करतात. स्नायू सैलावल्यावर दुखऱ्या जागी अंगठ्याने वा कोपराने संथ, स्थिर दाब देतात. बसायच्या हाडाच्या व मांडीच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्याच्या मधून सायटिक चेता जाते. तेथे कोपराचा जोर टाळतात. पायात मुंग्या येऊ लागल्यास दाब लगेच सोडावा लागतो. घरी भिंत आणि नितंब यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरूनही असा दाब देता येतो.

परिणामकारकता

केवळ नितंबाच्या मर्दनावरील संशोधन थोडे आहे. कंबरदुखीवरील एकूण मसाजाच्या २५ चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात काही काळ आराम मिळत असल्याचे दिसले. पुरावा मात्र निकृष्ट दर्जाचा ठरला आणि दीर्घकालीन लाभ दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मसाज व्यायामाच्या जोडीनेच द्यावा. निव्वळ मर्दनाने दुबळा स्नायू बळकट होत नाही.

दक्षता

पायातील शिरेत रक्ताची गुठळी, अस्थिभंग, त्वचेचा संसर्ग किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतीच्या भागात बधिरता, लघवी तुंबणे वा नकळत होणे, पायांची शक्ती जाणे ही लक्षणे कण्याच्या तळाशी असलेल्या चेतांवर दाब आल्याची असू शकतात. अशा वेळी मर्दनात वेळ न घालवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. उशीर झाल्यास मूत्राशयावरील नियंत्रण कायमचे जाऊ शकते.