ऑर्थोची ओढ वॉर्डातच लागते

एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये पूर्वी अस्थिरोग विभागासाठी एक महिना असे; २०२१ च्या नियमांनी त्याचे दोन आठवडे केले. मोडलेले मनगट जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. म्हणजे इंटर्नला अपघात दिसतो, प्लास्टर दिसते. पण तोच रुग्ण पुन्हा हात वापरू लागलेला दिसत नाही. या शाखेचे खरे समाधान तर तिथेच आहे. त्यातच पोस्टिंगचे दिवस नमुने पोचवण्यात आणि फॉर्म भरण्यात गेले, तर विद्यार्थ्याच्या हाती ऐकीव समजच उरतात: इथे ताकद लागते, ही पुरुषांची शाखा आहे.

हे समज प्रत्यक्ष कामानेच गळून पडतात. जन्मतः वाकडे पाऊल असलेल्या बाळावर पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत उपचार होतात. तिथे जोर नव्हे, हलका आणि जाणता हात लागतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हाडे-सांध्यांचे शिक्षण सक्तीचे असलेल्या महाविद्यालयांतून ऑर्थोसाठी अधिक अर्ज आल्याचे दिसले, आणि हा फरक मुलींमध्ये विशेष ठळक होता. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी आवड आधीच ठरलेली असते, या समजुतीला त्याने नक्कीच धक्का बसतो.

आपल्याकडे शाखा नीट-पीजीची रँक ठरवते, मग पोस्टिंगने काय फरक पडणार, असा आक्षेप येईल. रँक फक्त कोणत्या जागा मिळू शकतात ते सांगते. त्यांतली पहिली पसंती कोणती, हे विद्यार्थीच लिहितो. दुसरा आक्षेप असा की, सगळ्यांना थोडेच अस्थिशल्यविशारद व्हायचे आहे! खरे आहे, पण हाडे-सांध्यांची दुखणी प्रत्येक डॉक्टरकडे येतात. अमेरिकेतल्याच १९९८ च्या एका अभ्यासात नव्या निवासी डॉक्टरांपैकी ८२ टक्के या विषयाच्या प्राथमिक चाचणीत अनुत्तीर्ण झाले होते. चांगले पोस्टिंग ऑर्थोकडे न वळणाऱ्यांच्याही कामी येते.

सरकारी रुग्णालयांतली गर्दी आणि निवासी डॉक्टरांवरचा ताण नाकारता येणार नाही. म्हणून मागणी मोजकीच हवी: प्रत्येक इंटर्नने देखरेखीखाली स्वतः प्लास्टरचा स्लॅब घालावा, एकदा तरी शस्त्रक्रियेत मदतनीस म्हणून उभे राहावे, आणि पोस्टिंग संपले तरी आपल्या एका रुग्णाच्या फेरतपासणीला हजर राहावे. याला नवी इमारत लागत नाही, वेगळा निधीही नाही. विभागप्रमुखांनी हे येत्या तुकडीपासूनच सुरू करावे.