लेखाचे प्रामाण्य : मोर्तबापासून संगणकापर्यंत

शिवाजी महाराजांच्या १६६६ मधील आग्रा-प्रसंगाची हकीकत दोन भिन्न प्रकारच्या लेखनांत आढळते. एक, राजारामाच्या कारकिर्दीत रचलेल्या सभासदाच्या बखरीत. दुसरी, कछवाहा दरबारच्या माणसांनी त्याच काळात आग्र्याहून आमेरला धाडलेल्या राजस्थानी पत्रांत. जयपूर दप्तरातील ही पत्रे जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. वाङ्मय म्हणून बखर सरस ठरेल. परंतु पुरावा शोधणारा इतिहासकार पत्रांकडेच वळतो. ती कामकाजाच्या ओघात, प्रसंग घडत असतानाच लिहिली गेली आणि ज्या दरबारासाठी लिहिली त्याच्याच दप्तरात राहिली, हे त्याचे कारण होय.

प्रामाण्य कागदाच्या अंगी उपजत नसते; लेखाची घडण आणि त्याचा अखंड सांभाळ यांतून ते सिद्ध होते. मराठी राज्यकारभाराला याची जाणीव होती. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब होत असे. मोर्तबाने मजकुराची सीमा ठरे. त्यापुढे कोणी ओळ घुसडली तर लबाडी उघड होई.

संगणकीय लेखात मूळ आणि नक्कल हा भेदच लोपतो, आणि फेरफार मागमूस न ठेवता होऊ शकतो. येथे मोर्तबाचे काम ‘हॅश’ करतो. हॅश म्हणजे फाइलमधील समग्र मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. एक स्वल्पविराम बदलला तरी ती पालटते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात तिला स्थान दिले आहे.

तथापि हॅशने सिद्ध होते ते एवढेच, की मजकूर बदललेला नाही. तो कोणी, केव्हा, कोणत्या कामासाठी लिहिला, हे सोबतच्या नोंदींवरूनच कळते. शिवाय जुनी आज्ञावली कालबाह्य झाली की फाइल नव्या स्वरूपात उतरवावी लागते, आणि त्याबरोबर खूणही बदलते. म्हणून प्रत्येक रूपांतर कोणी, केव्हा व कसे केले, याची नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते. लुचिआना दुरांती यांच्या नेतृत्वाखाली कॅनडात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘इंटरपारेस’ प्रकल्पाचा निष्कर्ष या दृष्टीने मार्मिक आहे : इलेक्ट्रॉनिक लेख जसाच्या तसा जपता येत नाही; जपता येते ती त्याची पुनर्निर्मिती करण्याची क्षमता.

राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला तो वाईस मिळालेल्या अठराव्या शतकातील पत्रांच्या आधारे. कागदाने शतकभराची उपेक्षा सोसली. संगणकीय लेख ती सोसणार नाही. त्याचा सांभाळ त्याच्या जन्मापासूनच व्हावा लागतो. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकनिर्मित सामग्रीला अभिलेख मानले खरे. परंतु व्याख्येने जतन होत नाही.

हा प्रश्न केवळ सरकारी दप्तरांचा नाही. लेखकाच्या हस्तलिखितातील खाडाखोड हे पाठचिकित्सेचे साधन. संगणकावर मात्र नवा खर्डा जुन्याला पुसून टाकतो. आजचे खर्डे, पत्रव्यवहार आणि त्यांच्या नोंदी वेळीच जपल्या नाहीत, तर उद्याच्या समीक्षकाच्या हाती ग्रंथ राहील. तो कसा घडला, याचा पुरावा राहणार नाही.