मेंदूवर मेंदू बसविताना

एकाच रोग्याच्या मेंदूची एम.आर.आय. प्रतिमा वर्षाच्या अंतराने दोनदा घेतली, तर डोके दोन्ही वेळा नेमके तसेच ठेवलेले नसते. तुलना करायची तर एक प्रतिमा दुसरीवर बिंदूला बिंदू जुळवून बसवावी लागते. डोके कललेले असल्यास प्रतिमा फिरवून भागते. दोन माणसांच्या मेंदूंच्या वळ्या जुळवायच्या, तर ती रबरासारखी जागोजाग ताणावी लागते.

जुन्या पद्धतीत संगणक प्रत्येक जोडीसाठी हे गणित पहिल्यापासून मांडी. दोन-दोन तास लागत. २०१८ साली अमेरिकेत एम.आय.टी.च्या संशोधकांनी ‘व्हॉक्सेलमॉर्फ’ पुढे आणले. अनेक थरांच्या गणिती जाळ्याला, म्हणजे डीप लर्निंगला, हजारो प्रतिमा दाखवून ताणण्याचा सराव दिला. मग नवी जोडी मिनिटा-दोन मिनिटांत जुळू लागली. मला नवल वाटते ते याचे, की बरोबर उत्तर त्याला कोणीच सांगितले नव्हते! प्रतिमा किती जुळल्या आणि ताण किती सलग राहिला, एवढ्या दोनच कसोट्या.

घोटाळा होतो तो इथेच. गाठ असलेला मेंदू निरोगी मेंदूवर बसवायचा, तर तेथे गाठीला जोडच नाही. जाळे ती चेपून टाकू पाहते आणि तरी कसोटीत चांगले गुण मिळवते. म्हणून अशा वेळी गाठीचा भाग मोजणीतून वगळतात. जुळलेल्या चित्राशेजारी मूळ चित्र आणि ताणाचा नकाशा, दोन्ही ठेवावीत असे माझे मत आहे. एकाच रोग्याच्या दोन प्रतिमांत तर मेंदू कोठे, किती आक्रसला, हे त्या नकाशावरूनच मोजतात.