इनवर्डच्या शिक्क्यापासून

सकाळी 8.45. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये पहिली पाळी लागलेली असते. मी हजेरीच्या मशीनमधली फाइल एक्सेलमध्ये घेते. बेरीज-वजाबाकीच्या आधी तारखा खऱ्या आहेत का, ते बघायचं. संगणकात अमेरिकी पद्धत राहिली असेल तर 05/04 ही तारीख तो 4 मे धरतो आणि 18/04 ला नुसता मजकूर समजतो. खऱ्या तारखा रकान्यात उजवीकडे बसतात, मजकूर झालेल्या डावीकडे. असा रकाना दिसला की मी फाइल पुन्हा घेते आणि घेतानाच दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगते. हा पगाराचा कागद आहे, इथे घाई नाही.

9.30. आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी विचारते, "मॅडम, तारखेतून तारीख वजा कशी होते?" एक्सेलसाठी तारीख हा आकडाच असतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, आणि 1 जानेवारी 2025 म्हणजे 45658. त्यात 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवसही मोजलेला आहे. लोटस 1-2-3 मधली ती चूक, त्या फायली चालाव्यात म्हणून, तशीच ठेवली गेली. दोन्ही तारखा 1 मार्च 1900 नंतरच्या असतील तर उत्तर बरोबरच येतं.

10.30. रजेचे अर्ज. एका फिटरची 16 मे ते 21 मे 2025 अशी रजा. "ताई, किती दिवस धरले?" सरळ वजाबाकी केली तर 5. 'नेटवर्कडेज' 4 सांगतं, कारण ते शनिवार-रविवार सुट्टी धरतं. आमची सुट्टी गुरुवारी. त्या दिवसांत गुरुवार येत नाही आणि पहिला-शेवटचा दोन्ही दिवस रजेचेच आहेत, म्हणून रजा 6 दिवसांची. 'नेटवर्कडेज.इंटल'मध्ये सुट्टीच्या जागी 15 लिहिलं की ते फक्त गुरुवार सोडतं आणि 6 देतं. त्याला स्क्रीन वळवून दाखवते. त्याची रजा कशी मोजली, हे त्याला कळलंच पाहिजे.

12.00. नोकरी सोडून चाललेल्या एका ऑपरेटरचा हिशेब. रुजू 1 जून 2020, शेवटचा दिवस 31 मे 2025. 'डेटडिफ' पूर्ण वर्षं सांगतं: 4. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि या माणसाने पाच वर्षं भरलेली आहेत! वजाबाकीत शेवटचा दिवस गळतो, पण त्या दिवशीही तो मशीनवर उभा होता. शेवटच्या तारखेत 1 मिळवला की उत्तर 5 येतं. हे सूत्र टाइप करताना एक्सेल स्वतःहून सुचवत नाही, आणि त्यातला उरलेले दिवस सांगणारा 'एमडी' चुकू शकतो असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. मी तो वापरत नाही.

जेवणानंतर 2.00 ते 4.30 येणी. दिवसातलं सगळ्यात जड काम हेच. आमच्यासारख्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. लेखी करार असला तरी पैसे माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत मिळायला हवेत. करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

मोजायचं मात्र कुठून? ग्राहकाचं अकाउंट्स खातं म्हणतं, बिल पास झालं तिथून. पण मालाबद्दल 15 दिवसांत लेखी तक्रार आली नसेल, तर माल पोचला तो दिवसच स्वीकाराचा दिवस ठरतो. म्हणून माझ्या शीटमध्ये बिलाच्या तारखेशेजारी माल आत घेताना ग्राहकाने चलनावर मारलेल्या इनवर्ड शिक्क्याच्या तारखेचा वेगळा रकाना आहे, आणि मुदत त्यातूनच निघते. 18 जानेवारी 2025 चा शिक्का असेल तर त्यात 45 मिळवून 4 मार्च. 2024 साली त्याच शिक्क्याची मुदत 3 मार्चला संपली असती, कारण फेब्रुवारी 29 दिवसांचा होता. पुढच्या रकान्यात 'टुडे' वजा मुदत. आकडा शून्याच्या वर गेला की ओळ लाल होते.

4.30. लाल ओळींचे फोन. "सर, तुमच्याकडचा इनवर्ड 18 तारखेचा आहे, चलनाचा फोटो पाठवते." मोठ्या कंपनीशी बोलताना आवाज चढवून भागत नाही, पण शिक्का पुढे ठेवला की बोलणं तारखेवर येतं. तरीही काही जण पुढच्या महिन्यावर ढकलतात. तेव्हा मला राग येतो, कारण आमचे पगार पुढच्या महिन्यावर जात नाहीत.

5.45. शीटची प्रत पेनड्राइव्हवर घेते.

एखाद्या छोट्या कारखान्याचं बिल तुमच्या टेबलावर असेल, तर आजच त्याच्या चलनावरचा इनवर्डचा शिक्का बघा, दिवस तिथून मोजा आणि पैसे सोडा.